नांगर कोठे टाकावा?

आमच्या शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गात गेल्या महिन्यात प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय शिकवावयाचा होता. पौलाचा रोमकडे जाणारा समुद्रप्रवास मुलांना नेहमीच आवडतो. त्यात वादळ आहे, फुटणारे तारू आहे, फळ्यांच्या आधाराने किनाऱ्यास लागणारी माणसे आहेत. शिक्षकालाही तो धडा सोपा वाटतो, कारण त्याचा बोध जणू आधीच ठरलेला असतो. देवाच्या माणसाचे ऐकले नाही म्हणून संकट आले, एवढे सांगितले की तास संपतो. मी कित्येक वर्षे तसेच सांगत आलो.

ह्या खेपेस मात्र बारा-तेरा वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, शताधिपतीने तांडेलाचे ऐकले ह्यात त्याचे काय चुकले? समुद्रातले तांडेलाला जास्त कळणार की कैद्याला? आपण आजारी पडलो तर डॉक्टरांचेच ऐकतो ना?"

मी म्हणालो, "पण पौल देवाचा सेवक होता."

"ते आपल्याला माहीत आहे," ती म्हणाली, "त्याला कुठे माहीत होते?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर सुचले नाही. पुढच्या रविवारी सांगतो असे म्हणून मी वेळ मारून नेली. तो आठवडा मला जड गेला. एक तर प्रश्न खरा होता. दुसरे असे की तोच प्रश्न, थोडा उलटा होऊन, १९६८ सालापासून माझ्या स्वतःच्या मनात पडून राहिला होता आणि मी त्यास कधी हात घातला नव्हता.

आमच्या बेळगावच्या मुलांनी समुद्र पाहिलेला असतो तो सहलीपुरता. बंदर म्हणजे धक्का, होड्या आणि मासळीचा बाजार, एवढीच त्यांची कल्पना. म्हणून आधी थोडे बंदराविषयी सांगितले पाहिजे.

किनाऱ्याकिनाऱ्याने शिडावर जाणाऱ्या माणसापुढे रोज एकच प्रश्न असतो: आजची रात्र कोठे काढावयाची? आपल्या कोकणकिनाऱ्यावर पावसाळा सरल्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, त्यावर गलबत बाहेर पडते. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो, त्यावर ते पुढे सरकते आणि संध्याकाळच्या आत एखाद्या आडोशाला शिरते. आडोसा निवडताना पुष्कळ गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, वारा कोणत्या दिशेचा आणि मधे डोंगर वा भूशिर आहे की नाही. वायव्येच्या वाऱ्यात जी जागा आईच्या कुशीसारखी वाटते, तीच वारा नैर्ऋत्येस फिरला की उघडी पडते. दुसरी, तळ कसा आहे. चिखलात नांगर रुतून बसतो. सपाट खडकावरून तो घसरत जातो. खडकाच्या कपारीत अडकला तर सकाळी सुटत नाही. आपल्या भाषेत शेत नांगरणाऱ्या अवजारास आणि तारू धरून ठेवणाऱ्या अवजारास एकच शब्द आहे. तो शब्द कोठून का आला असेना, दोघांचेही काम टोक जमिनीत रुतल्यावाचून होत नाही, एवढे मुलांना चटकन कळते. तिसरी गोष्ट, ओहोटीस पाणी किती उरेल. चौथी, रात्री वारा फिरलाच तर बाहेर पडावयास वाट आहे का. आणि ह्या सर्वांहून मोठी गोष्ट, तेथे उजेडी पोहोचता येईल का.

कोणतेही बंदर सर्वकाळ चांगले नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. गोव्यातील वाचकांना आग्वाद ठाऊक आहे. पोर्तुगीजांनी १६१२ साली तेथे किल्ला पुरा केला. आग्वाद हे नावच पाण्यावरून पडले आहे. लांबच्या सफरीची जहाजे तेथे थांबून गोड्या पाण्याची पिंपे भरून घेत. इतके मोलाचे ते ठिकाण. पण पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटू लागल्या की शिडाच्या जहाजांना तो रस्ता बंद होई आणि दक्षिणेकडच्या मुरगावच्या भूशिराआड जावे लागे. तेव्हा अमुक बंदर चांगले की वाईट, ह्या प्रश्नास अर्थ नाही. कोणत्या वाऱ्यात, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वेळी, हे विचारावे लागते.

आता १९६८ सालची हकीगत सांगतो.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. वडील वारले होते. आई व दोन धाकट्या बहिणी ह्यांच्यासह आम्ही वेंगुर्ल्यास आत्याच्या आश्रयाने राहत होतो. रत्नागिरीच्या एका शाळेत शिक्षकाची जागा निघाली आणि मुलाखतीस अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता हजर राहावे असे मला पत्र आले. एस.टी.च्या भाड्याचाही विचार करावा लागावा असे ते दिवस होते. आत्याच्या यजमानांच्या ओळखीचे एक तांडेल आपल्या गलबतातून कौले घेऊन उत्तरेकडे निघाले होते. त्यांनी मला फुकट न्यावयाचे कबूल केले. मे महिना संपत आला होता. त्यांची ती हंगामाची शेवटची फेरी होती. त्यानंतर गलबत किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवावयाचे होते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. वेंगुर्ल्याच्या खडकांवरचे दीपगृह मागे पडले, मालवण मागे पडले. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे आम्हांस अनुकूल होता. मी हिशेब करीत होतो: ह्याच चालीने रात्रभर गेलो तर उजाडता रत्नागिरी. पण दुपारी चारच्या सुमारास देवगडचे भूशिर आले आणि तांडेलकाकांनी सुकाणू वळवून गलबत सरळ आत, खाडीच्या शांत पाण्यात नेले. नांगर टाकला, शीड उतरविले.

मी घाबरून विचारले, "काका, इथे का थांबलो?"

त्यांनी पश्चिमेकडे हात केला. लांबच लांब, संथ लाटा येत होत्या. तेथील वाऱ्याच्या मानाने त्या मोठ्या होत्या. क्षितिजाशी खाली वीज लवत होती. मी म्हणालो, निदान विजयदुर्गापर्यंत तरी जाऊ. विजयदुर्ग तेथून सुमारे बारा सागरी मैल. आमच्या चालीने चार तास, म्हणजे पोहोचेपर्यंत पुरता अंधार. ते हसले आणि एवढेच बोलले, "झिला, दर्यार घाई करूची नाय."

त्या रात्री मी कौलांवर गोणपाट टाकून जागा राहिलो. मी प्रार्थना केली ती तांडेलांचे मन वळावे म्हणून. हा मनुष्य भित्रा आहे, ह्याचा देवावर भरवसा नाही, असे मी मनात म्हणत होतो. आणि वाचकहो, त्या रात्री काहीही झाले नाही. वादळ आले नाही, वारासुद्धा वाढला नाही. आकाशात चांदण्या होत्या. पाणी इतके स्थिर की पलीकडच्या काठावरचा कंदील त्यात दिसत होता. देवगडहून सकाळची एस.टी. मला दुपारनंतरच पोहोचविणार होती. उजाडल्यावर आम्ही निघालो आणि संध्याकाळी रत्नागिरीस लागलो. मुलाखती संपल्या होत्या, जागा भरली गेली होती.

धक्क्यावर मी तांडेलांना रागाने म्हणालो, "काका, वादळ कुठे आले?" ते रागावले नाहीत. आपल्या मालवणीत ते जे बोलले त्याचा अर्थ असा होता: वादळ आले नाही म्हणून माझे चुकले असे होत नाही. तुला नोकरी दुसरी मिळेल; ही सात माणसे मला दुसरी मिळावयाची नाहीत. मग कनवटीचे काही रुपये काढून त्यांनी परतीच्या भाड्यासाठी माझ्या हातावर ठेवले. मी ते घेतले, पण आभार मानले नाहीत.

मला दुसरी नोकरी मिळाली, ती ऑगस्टअखेरीस, येथे बेळगावात. मधल्या तीन महिन्यांत घरात पैसा नव्हता. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा माझ्या दोन बहिणींपैकी थोरलीची फी व पुस्तके जमली नाहीत. तिने शाळा सोडली, आणि ती पुन्हा गेली नाही. बेळगावात पुढे माझे बरे झाले म्हणून तांडेलांचा निर्णय योग्य होता, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा परिणामावरून न्याय करणे होय. आणि परिणामच पाहावयाचा तर माझ्या बहिणीची गेलेली शाळाही त्यात धरावी लागेल.

तर शब्बाथशाळेतील मुलीचा प्रश्न असा: जाणत्याचे ऐकून निघालेल्या माणसाचे वादळ आले म्हणून चुकले काय? आणि माझा प्रश्न असा: थांबलेल्या माणसाचे वादळ आले नाही म्हणून चुकले काय? हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. हे लक्षात आल्यावर मी तो अध्याय पुन्हा, नकाशा शेजारी ठेवून, वाचला.

कैसरियाहून निघालेला तो सारा प्रवास आडोसे शोधीत चालला आहे. वारा समोरचा होता म्हणून तारू कुप्र बेटाच्या आडोशाने गेले. लुक्यातील मुर्या येथे शताधिपती यूल्य ह्याने कैद्यांना इटलीस जाणाऱ्या अलेक्सांद्रियाच्या तारवात चढविले. त्यात गहू होता. कनिदापर्यंत मोठ्या कष्टाने गेल्यावर वाऱ्याने पुढे जाऊ दिले नाही, म्हणून तारू सल्मोनासमोरून क्रेताच्या दक्षिणेस उतरले. क्रेताचे डोंगर उत्तरेचा वारा अडवितात. त्या किनाऱ्याने सरकत ते सुंदर बंदर नावाच्या ठिकाणी आले. आजही ग्रीक लोक त्या जागेस त्याच अर्थाच्या नावाने ओळखतात.

जेम्स स्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने ह्या प्रवासावर १८४८ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो स्वतः शिडाची नौका चालविणारा होता, आणि त्याने वारे, खोली, अंतरे सर्व ताडून पाहिले. सुंदर बंदराच्या पुढे काही मैलांवर एक भूशिर आहे आणि तेथून किनारा एकदम उत्तरेकडे वळतो. म्हणजे वायव्येच्या वाऱ्यात आडोसा देणारे ते त्या बाजूचे शेवटचे ठिकाण. त्याच्यापुढे उघडा समुद्र.

वेळही नेमकी वाईट होती. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपवास होऊन गेला होता. तो सण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. रोमन लेखक वेगेशिअस ह्याने पुढे नोंदवून ठेविले आहे की १४ सप्टेंबरनंतरची सफर धोक्याची आणि ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद. असा तो मधला काळ होता.

पौलाने सांगितले, येथून निघू नका. तांडेल आणि तारवाचा धनी म्हणाले, निघू. पुष्कळांचेही तेच मत पडले. पण हे मत कशासाठी पडले? शास्त्रात कारण स्पष्ट दिले आहे. सुंदर बंदर हिवाळा काढावयास सोयीचे नव्हते आणि सुमारे चाळीस मैलांवरचे फेनिके त्याहून सोयीचे होते.

येथे न्यायाने बोलावयाचे तर तांडेलाचे म्हणणे खोटे नव्हते. सुंदर बंदर पूर्वेच्या बाजूस बरेच उघडे आहे. समोरची लहान बेटे थोडाबहुत आडोसा देतात एवढेच. तेथे चार महिने नांगरावर राहणे हे गहू भरलेल्या तारवास खरोखर धोक्याचे होते. मग पौलाचे म्हणणे कशाच्या बळावर? त्या वेळी त्याला दर्शन झाले होते असे तेथे लिहिलेले नाही. देवदूत पुढे, वादळात आला. शिवाय पौल म्हणाला होता की मालाची, तारवाची आणि जिवांचीही हानी होईल. प्रत्यक्षात एकही जीव गेला नाही. म्हणजे ते भविष्यकथन नव्हते. ते एका अनुभवी माणसाचे मत होते. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने ह्यापूर्वीच सांगितले आहे की आपले तारू तीनदा फुटले आणि एक रात्र व एक दिवस आपण समुद्रात काढला. तांडेलास तारू कसे चालवावे हे ठाऊक होते. पौलास तारू फुटल्यावर माणसांचे काय होते हे ठाऊक होते.

शताधिपतीचे चुकले ते मला येथे दिसते. समुद्रातील गोष्ट तांडेलास विचारली ह्यात त्याचे काही चुकले नाही. फेनिक्यास जाता येईल का, हा प्रश्न तांडेलाचा होता. पण जाण्यासाठी दोनशे शहात्तर माणसांचे जीव पणास लावावेत का, हा प्रश्न नौकाविद्येचा नव्हता. तो अधिकार ज्याच्या हाती होता त्याने स्वतःच्या सद्सद्विवेकाने सोडवावयाचा होता. यूल्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर घेतले आणि ते दुसऱ्यास लावले. डॉक्टरांचे आपण ऐकावे हे खरे. शस्त्रक्रिया कशी होईल, धोका किती, हे तेच सांगू शकतात. पण आईवर ती करावी की नाही हे ठरविताना, डॉक्टर म्हणाले, एवढे बोलून मुलाची सुटका होत नाही.

आणखी एक गोष्ट. ज्यांचे मत घेतले त्यांना त्या निर्णयातून काय मिळणार होते? धन्यास गहू हवा होता, तारू हवे होते. सुएतोनिअस हा इतिहासकार लिहितो की क्लौद्य कैसराने रोमला हिवाळ्यातही धान्य यावे म्हणून वादळात होणारे व्यापाऱ्यांचे नुकसान स्वतः भरून देण्याचे कबूल केले होते. ह्या प्रवासाच्या काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नुकसान भरून मिळते ते तारवाचे. बुडालेल्या खलाशाचे नव्हे, साखळदंडातल्या कैद्याचे तर नव्हेच. पुष्कळांचे मत पडले असे आपण वाचतो, पण कैद्यांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

दोन्ही ठिकाणी धोका होता हे मान्य. मग निवड कशी करावयाची? सुंदर बंदरात वाईटात वाईट झाले असते तर तारू फुटले असते. पण किनारा हाकेच्या अंतरावर होता आणि लसया नगर जवळ होते. माणसे ओली होऊन, रिकाम्या हाताने, पण जिवंत वर आली असती. उघड्या समुद्रात वाईटात वाईट झाले तर मागे कोणी उरावयाचे नव्हते. एक हानी सोसून पुन्हा उभे राहता येते, दुसरीनंतर येत नाही. सोय-गैरसोय तोलण्याआधी हा भेद पाहिला पाहिजे. माझ्या तांडेलकाकांनी रत्नागिरीच्या धक्क्यावर मला हेच सांगितले होते.

मग दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि आपला बेत साधला असे सर्वांस वाटले. समजा, तो वारा संध्याकाळपर्यंत टिकला असता. तारू फेनिक्यास पोहोचले असते, तांडेलाची वाहवा झाली असती आणि पौलाची थट्टा. तरीही निर्णय चुकीचाच राहिला असता. फक्त ते कोणास कळले नसते. आपल्या घरांत, मंडळीच्या सभांत असे किती निर्णय केवळ वारा टिकला म्हणून शहाणपणाचे ठरले असतील, ह्याचा विचार केला की मन गंभीर होते.

पुढची गोष्ट आपणांस पाठ आहे. डोंगरावरून युरकुलोन नावाचा झंझावात उतरला आणि तारू क्लौदा बेटाच्या दक्षिणेकडून मोकळ्या समुद्रात लोटले गेले. पण चौदाव्या रात्रीकडे आपण घाईने पाहतो, तेथे थांबले पाहिजे. मध्यरात्री खलाशांना वाटले की जमीन जवळ आली. त्यांनी बुडीद टाकून पाहिले, वीस वाव पाणी. थोडे पुढे पंधरा वाव. अंधार, समोर खडक असावेत, मागे वादळ. चौदा दिवस जमिनीसाठी तळमळलेली ती माणसे. जमीन हाताशी आली असता कोणासही वाटले असते की आता पुढेच जावे. पण त्यांनी पुढची बाजू सोडून मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली. साऱ्या प्रवासातील ही सर्वांत उत्तम निवड, आणि ती पौलाने नव्हे, खलाशांनी केली. दिसत नाही तेव्हा थांबावे, एवढेच तिचे तत्त्व.

आणि त्याच रात्री त्याच खलाशांनी दुसरे काय केले? पुढच्या बाजूनेही नांगर टाकावयाचे आहेत असे ढोंग करून त्यांनी होडी पाण्यात सोडली आणि आपणच पळून जाण्याचा बेत केला. पौलाने शताधिपतीस सांगितले की हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हावयाचा नाही. ध्यानात घ्या, एकही जीव जाणार नाही असे वचन पौलास तोपर्यंत मिळाले होते. तरी त्याने नांगरांची, खलाशांची, लोकांनी अन्न खावे ह्याची काळजी सोडली नाही. वचन आहे म्हणून नांगर नको, असे तो म्हणाला नाही. देवगडच्या खाडीत बावीस वर्षांचा मी मात्र नेमके तेच म्हणत होतो आणि त्यास विश्वास समजत होतो. माझी निकड मी देवाच्या नावावर खपवीत होतो.

यूल्याविषयीही शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तारू रुतून फुटू लागले तेव्हा शिपायांनी कैद्यांना मारून टाकावयाचे ठरविले. कैदी पळाले तर जाब शिपायांना द्यावा लागला असता. यूल्याने पौलाला वाचवावे म्हणून त्यांना अडविले, आणि त्यामुळे सारेच कैदी वाचले. कैदी पळण्याची जोखीम ह्या खेपेस त्याने आपल्या माथी घेतली. ज्याने निवड करावयाची त्याने तिची किंमतही अंगावर घ्यावी, हे तो शिकला होता असे मला वाटते. तांडेलकाकांनी माझ्या हातावर ठेवलेल्या रुपयांचा अर्थही मला आता कळतो.

तर मग नेहमी थांबावे, असा ह्याचा बोध आहे काय? नाही. रोमच्या लोकांना तो गहू खावयास हवा होता. आमच्या गलबतातील कौले पावसाआधी कोणाच्या तरी छपरावर चढावयाची होती. थांबण्याचीही किंमत असते, आणि पुष्कळदा ती थांबविणाऱ्यास न दिसणारा कोणी भरतो. वेंगुर्ल्याच्या घरात माझी बहीण होती. तिला तांडेलांनी विचारले नव्हते आणि विचारणे शक्यही नव्हते. ह्या लेखाआधी मी तिला फोन करून पहिल्यांदाच सारी हकीगत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "दादा, तांडेलाचे बरोबरच होते. पण माझी शाळा गेली हेही खरे आहे." ह्या दोन वाक्यांतील एकही गाळू नये, असे मला वाटते. योग्य निर्णयानेही कोणाचे तरी नुकसान होते. तो योग्य होता म्हणून ते नुकसान पुसले जात नाही, आणि नुकसान झाले म्हणून निर्णय अयोग्य ठरत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे वळून पाहणे तेवढे आपल्या हाती राहते. मी त्या वेळी घरी परतलो तेव्हा माझ्याच दुःखात होतो. तिच्याकडे पाहिले नाही. तो दोष तांडेलाचा नव्हे, माझा.

पुढच्या रविवारी मी वर्गात नकाशा लावला आणि त्या मुलीस म्हणालो, "तुझे बरोबर होते. तांडेलाचे ऐकले ह्यात शताधिपतीचे चुकले नाही. पण निघण्यापूर्वी त्याने स्वतःस विचारावयास हवे होते की अंदाज चुकला तर कोण बुडेल, आणि त्यांना आपण विचारले आहे का. ते त्याने विचारले नाही."

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "आणि विचारून निघाला असता, तरीही वादळ आले असते तर?"

"तर वादळ आले असते," मी म्हणालो, "पण त्याचे चुकले असे मी म्हटले नसते."

मग आम्ही अठ्ठाविसावा अध्याय उघडला. मिलिता बेटावर तीन महिने काढल्यावर, ऋतू पालटल्यावर, ते दुसऱ्या तारवाने निघाले. सुराकुसास तीन दिवस राहिले. रेगियोनास आले आणि एक दिवस थांबले. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला आणि त्या वाऱ्याने ते पुत्युलास सुखरूप पोहोचले. क्रेताहून निघताना सुटला होता तोही दक्षिणेचाच वारा. मुलांनी नकाशावर दोन्ही ठिकाणी बोट ठेवून पाहिले, आणि तास संपला.